सगळ्या ‘हिबिस्कस’ सारख्या नसतात: थंड देशात जास्वंद जगवायची कशी?



एरवी मी इथे ॲप्स, बॅटरी आणि परमिशन्स यांबद्दल लिहितो. आज विषय वेगळा आहे: जास्वंद. पण शेवटपर्यंत वाचा, कारण माझ्या हातून एक झाड मेलं आणि त्यात माझ्या फोनचाही वाटा होता. खरं तर फोनचा कमी, आणि फोनवरचं उत्तर अर्धवट वाचणाऱ्या माझा जास्त.

झालं असं. मी नोकरीसाठी म्युनिकला आलो. आमच्या इमारतीत सांगलीच्या एक काकू राहायच्या. त्यांच्या बाल्कनीत लाल जास्वंदीची मोठी कुंडी होती, नऊ वर्षं जुनी. दर गणपतीला त्या झाडाचं निदान एक तरी फूल मूर्तीला जायचंच. २०२२ चा गणपती झाला आणि काका-काकू कायमचे भारतात परत निघाले. जाताना काकूंनी कुंडी माझ्या हवाली केली. म्हणाल्या, “थंडीची तेवढी काळजी घे रे.” मी म्हटलं, “काकू, बिनधास्त जा.”

आता काळजी घ्यायची म्हणजे काय, हे मी काकूंना विचारायला हवं होतं. ते सोडून मी फुलाचा फोटो काढला आणि झाडं ओळखणाऱ्या एका ॲपमध्ये टाकला. उत्तर आलं: ‘हिबिस्कस’, जुळणी नव्वद टक्क्यांच्या वर. खाली माहितीचं कार्ड होतं: बाहेर ठेवता येते, उणे २० अंशांपर्यंत थंडी सहन करते. मी खूश! कुंडी बाल्कनीतच राहिली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका रात्री पारा शून्याखाली गेला. सकाळी पाहिलं तर पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट आणि लुळी पडली होती. दोन दिवसांनी खोड खरवडून पाहिलं, आत हिरवं काही नाही, सगळं तपकिरी. मातीपर्यंत. पुढचे दोन आठवडे काकूंच्या मेसेजना मी फक्त थम्ब्स-अप पाठवत होतो.

नंतर नीट वाचल्यावर कळलं, ॲपने नाव चुकीचं दिलं नव्हतं. माहितीही खोटी नव्हती. फक्त ती माहिती दुसऱ्याच झाडाची होती. हा घोळ नेमका कसा होतो आणि तुमच्याकडे तो होऊ नये म्हणून काय करायचं, ते आज पाहू.

हिबिस्कस हे फाइलचं नाव नाही, फोल्डरचं आहे

प्रत्येक झाडाच्या शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला शब्द प्रजातीचा (जीनसचा), दुसरा त्या विशिष्ट जातीचा. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिला शब्द म्हणजे फोल्डर आणि दुसरा म्हणजे फाइल. ‘हिबिस्कस’ हे फोल्डर आहे आणि त्यात शेकडो फाइल्स आहेत.

त्यातल्या काही तुम्ही खाल्ल्याही आहेत. आपली अंबाडी याच फोल्डरमधली. युरोपात दुकानात ‘हिबिस्कस टी’ म्हणून जो आंबट, लालभडक चहा मिळतो, तो लाल अंबाडीच्या बोंडांभोवतीच्या मांसल निदलांचा असतो. भेंडीसुद्धा पूर्वी याच फोल्डरमध्ये होती, नंतर शास्त्रज्ञांनी तिला शेजारच्या फोल्डरमध्ये हलवलं. भेंडीचं फूल आठवा, तोंडवळा जास्वंदीचाच आहे.

आता एवढ्या मोठ्या फोल्डरला एकच माहितीचं कार्ड जोडलं तर काय होणार? जे माझं झालं तेच. म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: हिवाळ्याआधी झाडाच्या नावातला दुसरा शब्द शोधा. तो कळेपर्यंत कोणताही सल्ला, ॲपचा असो की माझा, अमलात आणू नका.

बागेच्या दुकानात भेटणाऱ्या तीन ‘हिबिस्कस’

युरोप-अमेरिकेतल्या थंड भागात ‘हिबिस्कस’ या नावाने मुख्यतः तीन झाडं विकली जातात.

१. हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. ही आपली जास्वंद. ट्रॉपिकल, म्हणजे उष्ण प्रदेशातली. मलेशियाचं राष्ट्रीय फूल हेच.
- पान: गडद हिरवं, चकचकीत, तेल लावल्यासारखं. झाड बारा महिने हिरवं.
- फूल: लाल, पिवळं, केशरी, गुलाबी, मधला दांडा लांब बाहेर आलेला.
- थंडी: रात्री १० अंशांच्या खाली जायला लागल्या की कुरकुर सुरू. शून्याच्या आसपास पानं जातात. त्याखाली काही तास गेले की खोडही जातं.

२. हिबिस्कस सिरियाकस. हे हार्डी, म्हणजे थंडी पचवणारं झुडूप. नावात सीरिया आहे, पण मूळ पूर्व आशियातलं. लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलं तेव्हा ते सीरियातल्या बागांमधून माहीत झालं होतं, म्हणून तसं नाव पडलं. दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल हेच, तिकडे त्याला मुगुंग्ह्वा म्हणतात.
- पान: लहान, चमक नाही, तीन भागांत कापल्यासारखं, कडेला दाते.
- फूल: पांढरं, गुलाबी, जांभळं, निळसर. बऱ्याच प्रकारांत मध्यभागी लाल ठिपका. पण अख्खं लालभडक फूल यात मिळत नाही.
- थंडी: जमिनीत मुरलेलं झाड उणे २० अंशांच्या आसपासही टिकतं. हिवाळ्यात पानं गळतात, फांद्या उभ्या राहतात.

३. हिबिस्कस मॉस्च्युटॉस. हेही हार्डी, पण याची तऱ्हा निराळी. मूळ अमेरिकेच्या पूर्वेकडच्या दलदलीतलं. हिवाळ्यात जमिनीवरचा सगळा भाग वाळून जातो आणि वसंतात मुळांपासून नवीन फुटतो.
- पान: मोठं, बरंचसं हृदयाच्या आकाराचं, चमक नाही.
- फूल: प्रचंड. २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे नाश्त्याच्या प्लेटएवढं. पांढरं, गुलाबी आणि लालसुद्धा. ‘लॉर्ड बाल्टिमोर’ हा लाल फुलाचा जुना, माहीत असलेला प्रकार.
- थंडी: मुळं जमिनीखाली असल्यामुळे कडाक्याचा हिवाळाही काढतं. अमेरिकेत नेब्रास्कातल्या फ्लेमिंग बंधूंनी याचे बरेच संकर तयार केले. तिथला हिवाळा काही साधा नसतो.

फूल तिन्हींचं एकाच दिवसाचं असतं. सकाळी उमलतं, दुसऱ्या दिवशी मिटून गळतं. त्यामुळे फूल टिकलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, कळ्या किती येतायत ते बघायचं.

फोनने ओळख पटवायची तर अशी

झाडं ओळखणारी ॲप्स वाईट नसतात. ती फोटोची तुलना आपल्याकडच्या नमुन्यांशी करतात आणि किती जुळलं ते सांगतात. ती टक्केवारी फक्त जुळणीची असते. खाली दिलेला सल्ला तुमच्या झाडाला लागू आहे याची ती खात्री नाही. माझी चूक इथेच झाली.

पुढच्या वेळी असं करा:

- फक्त फुलाचा फोटो देऊ नका. तिन्ही फुलांचा चेहरा सारखाच असतो. पानाचा वरून, पानाचा खालून, खोडाचा आणि अख्ख्या झाडाचा, असे चार फोटो काढा. फरक पानात आहे.
- निकालात शास्त्रीय नाव उघडा आणि दुसरा शब्द आहे का ते बघा. नुसतं ‘हिबिस्कस’ किंवा ‘हिबिस्कस एसपी.’ असं असेल तर त्याचा अर्थ ‘फोल्डर कळलं, फाइल कळली नाही’.
- विकत घेताना कुंडीतल्या लेबलचा फोटो काढून ठेवा. लेबल महिन्याभरात पुसलं जातं, फोटो राहतो.
- स्थानिक भाषेतलं नाव वाचा. जर्मनीत हे सोपं आहे. ‘त्सिमरहिबिस्कुस’ असेल तर ती आपली जास्वंद, कारण त्सिमर म्हणजे खोली. ‘गार्टनहिबिस्कुस’ म्हणजे सिरियाकस, कारण गार्टन म्हणजे बाग. ‘श्टाउडनहिबिस्कुस’ म्हणजे दर वर्षी जमिनीतून फुटणारं मॉस्च्युटॉस. हिवाळ्यात झाड कुठे राहणार, हे नावातच लिहिलंय!

आणि फोन हातात नसेल तर साधी परीक्षा: पान चकचकीत आहे का? असेल तर ते झाड घरात न्यायचं. शंका असेल तरीही घरातच न्यायचं. हार्डी झाड चुकून गार खोलीत ठेवलं तर एका हिवाळ्यात लगेच मरत नाही, पण ट्रॉपिकल झाड चुकून बाहेर राहिलं तर एका रात्रीत जातं.

थंडीत झाडाच्या आत काय होतं?

ट्रॉपिकल झाडाला दोन वेगवेगळे धोके असतात.

पहिला, गारठा. पारा शून्याच्या वरच असतो, पण पेशीभोवतीचं पातळ आवरण, जे चरबीसारख्या पदार्थांचं असतं, ते ताठर व्हायला लागतं. फ्रिजमध्ये ठेवलेलं तूप कसं घट्ट होतं, तसं समजा. मग पाणी आणि क्षार आत-बाहेर नेण्याचं काम बिघडतं. पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात.

दुसरा, बर्फ. शून्याखाली पेशींच्या बाहेरच्या पाण्याचे आधी स्फटिक होतात. ते आतलं पाणी ओढून घेतात, पेशी आक्रसते आणि आवरण फाटतं. सकाळी ऊन पडलं की सगळं वितळतं आणि पान लुळं पडतं. उकडलेला पालक तो हाच.

हार्डी झाडांना हे संकट येत नाही असं नाही, पण त्यांच्याकडे तयारी असते. दिवस लहान व्हायला लागले आणि हवा हळूहळू गार होत गेली की ती वाढ थांबवतात, पेशींमध्ये साखर साठवतात, आवरणातल्या चरबीची घडण बदलतात म्हणजे ती थंडीतही लवचीक राहते, आणि पानं टाकून देतात. गाडीच्या रेडिएटरमध्ये अँटीफ्रीझ घालतात तसंच काहीसं. जास्वंदीत हे फंक्शनच लिहिलेलं नाही. जिथे हिवाळाच नाही तिथे लिहिणार कशाला? म्हणून ‘हळूहळू सवय होईल’ हा विचार डोक्यातून काढा. माझ्या डोक्यात तोही होता.

झोनचा आकडा आणि हवामानाचं ॲप: वाचायचं कसं?

लेबलवर ‘झोन ५’ किंवा ‘झोन १०’ असं दिसेल. ही पद्धत अमेरिकेच्या कृषी विभागाची, यूएसडीएची. वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीचं तापमान बरीच वर्षं नोंदवून त्याची सरासरी काढतात आणि त्यावरून १ ते १३ असे झोन पाडतात. २०२३ मध्ये आलेल्या नव्या नकाशासाठी १९९१ ते २०२० अशी ३० वर्षं धरली आहेत.

- झोन ५: साधारण उणे २९ ते उणे २३ अंश सेल्सिअस
- झोन ७: साधारण उणे १८ ते उणे १२
- झोन १०: साधारण उणे १ ते अधिक ४
- झोन ११: साधारण ४ ते १०

सिरियाकस आणि मॉस्च्युटॉस ही साधारण झोन ५ पासून चालतात. आपली जास्वंद बाहेर बारा महिने ठेवायची तर झोन १० किंवा त्यापुढचा हवा. म्युनिक साधारण ७-८ मध्ये येतं. हा हिशोब मी आधी केला असता तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं.

पण झोनमध्ये दोन छुप्या अटी आहेत.

एक, तो आकडा जमिनीत लावलेल्या झाडाचा असतो. जमीन ऊब धरून ठेवते. कुंडीला चारी बाजूंनी थंड हवा लागते आणि मुळं गोठतात. म्हणून बागवाले एक ढोबळ नियम सांगतात: कुंडीतल्या झाडासाठी दोन झोन वजा करा. म्हणजे झोन ७ मध्ये कुंडी ठेवायची असेल तर झोन ५ सोसणारं झाड घ्या.

दोन, हवामानाच्या ॲपमधलं तापमान जमिनीपासून सुमारे २ मीटर उंचीवरचं असतं, तेही सावलीतलं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंश गार असते. ॲपमध्ये ३ अंश दिसत असतानाही गवतावर पांढरं दव गोठलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्यामुळे अलर्ट लावायचा असेल तर शून्यावर लावू नका. मी माझा १० अंशांवर लावलाय. जर्मनीतल्या सरकारी हवामान खात्याच्या ॲपमध्ये तुमच्या गावापुरता फ्रॉस्टचा इशाराही मिळतो, पण जास्वंदीच्या दृष्टीने तो इशारा येईपर्यंत उशीर झालेला असतो.

बाल्कनीत एखादं ब्लूटूथ थर्मामीटर ठेवलं तर आणखी चांगलं. रात्रीचा सर्वांत कमी आकडा तो लक्षात ठेवतो आणि तुमच्याच बाल्कनीचा सांगतो, विमानतळाचा नाही.

आपली जास्वंद: थंड देशातलं तिचं वर्ष

हे वेळापत्रक म्युनिकचं आहे. तुमच्या गावाप्रमाणे दोन-तीन आठवडे मागेपुढे करा.

सप्टेंबर. रात्री सलग १० अंशांच्या खाली जायला लागल्या की झाड आत. त्याआधी पानांच्या खालची बाजू शॉवरखाली धुवा. बाहेरचा मावा आणि पांढरी माशी तुमच्याबरोबर घरात येते आणि तिथे तिला खायला दुसरं कोणी नसतं. आत आणल्यावर काही पानं पिवळी पडून गळतील. घाबरू नका, जागा बदलली की असं होतंच.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ही खरी परीक्षा. अडचण थंडीची नसून उजेडाची असते. डिसेंबरमध्ये पुण्यात दिवस जवळपास ११ तासांचा असतो, म्युनिकमध्ये साडेआठ तासांहूनही कमी, आणि तोही बऱ्याचदा ढगाळ. भर उन्हात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. घरात, आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत, काहीशेच लक्स. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक जाणवत नाही. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याजवळ उजेडाचा सेन्सर असतो. लक्स मोजणारं एखादं ॲप घेऊन खिडकीत आणि खोलीच्या मध्यावर मोजून पाहा. आकडा अगदी अचूक नसेल, पण फरक पाहून चाट पडाल.

मग दोनच मार्ग उरतात:
- गार आणि उजेडाची जागा: १२ ते १६ अंशांचा जिना किंवा न तापवलेली खोली, मोठी खिडकी. झाड अर्धवट झोपतं. पाणी फार कमी.
- उबदार खोली: दक्षिणेची खिडकी, आणि वरून एलईडी ग्रो लाइट रोज १२ ते १४ तास. स्मार्ट प्लगला टायमर लावला की काम झालं. झाड जागं राहतं, कधीमधी फुलतंही.

उबदार आणि अंधारी जागा मात्र सर्वांत वाईट. झाड जागं, पण उपाशी. लांबुडक्या, फिक्या फांद्या येतात आणि पानं गळत जातात.

खिडकीखाली हीटर असेल तर कुंडी थेट त्याच्यावर ठेवू नका. कोरड्या, गरम हवेत लाल कोळी होतो. पानांवर बारीक फिके ठिपके आणि खाली जाळी दिसली की तोच. आठवड्यातून एकदा पानं दोन्ही बाजूंनी धुणं हा सर्वांत स्वस्त उपाय. तरीही राहिला तर कडुनिंबाचं तेल.

पाण्याबद्दल: रिमाइंडर लावा, पण तो ‘पाणी घाल’ असा नको, ‘बोट घालून बघ’ असा लावा. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. हिवाळ्यात जास्वंदी थंडीइतक्याच जास्तीच्या पाण्यानेही मरतात. मुळं कुजतात आणि झाड तहानल्यासारखं दिसतं, मग आपण आणखी पाणी घालतो.

मार्च. छाटणी. फूल नवीन फुटीवर येतं, म्हणून फांद्या एक तृतीयांश कमी करा. मूर्तीला फूल हवं असेल तर छाटणी याहून लांबवू नका, कारण नवी फूट वाढून कळ्या धरायला काही महिने लागतात. कुंडी बदलायची तर हीच वेळ, पण एकच आकार मोठी घ्या. खत सुरू करा: पोटॅश जास्त, फॉस्फरस कमी असलेलं.

मे. एप्रिलमध्ये ऊन पडलं की हात शिवशिवतात. थांबा! जर्मनीत ११ ते १५ मे या पाच दिवसांना ‘आइसहायलिगे’ म्हणतात, म्हणजे ‘बर्फाचे संत’. शेवटचा दिवस ‘गार सोफी’चा, १५ मे. तोवर रात्री अचानक पारा उतरू शकतो, म्हणून इथले जुने बागवाले नाजूक झाडं सोफी गेल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. आपल्याकडे मृगावर जसा हिशोब असतो, तसंच हे. बाहेर काढल्यावर पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. काचेमागे वाढलेली पानं थेट उन्हात भाजतात.

जून ते ऑगस्ट. ऊन, भरपूर पाणी, दर आठवड्याला थोडं खत. कळ्या लागल्यावर कुंडी सारखी फिरवू नका. जागा बदलली, माती एकदम सुकली की कळ्या गळतात.

हार्डी दोघांचं वेळापत्रक: बरंच सोपं

सिरियाकस. ऊन आणि पाणी साचणार नाही अशी जमीन द्या. पहिली दोन-तीन वर्षं हिवाळ्यात बुंध्याशी वाळक्या पानांचा जाड थर घाला, नंतर गरज पडत नाही. यालाही फूल नव्या फुटीवर, म्हणून छाटणी हिवाळा सरताना. फुलं साधारण जुलै ते सप्टेंबर.

मॉस्च्युटॉस. दलदलीतलं झाड, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका. वाळलेले दांडे हिवाळाभर तसेच ठेवा, वसंतात १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापा. ते दांडे म्हणजे ‘इथे झाड आहे’ ही खूण असते.

दोन्हींच्या बाबतीत एकच मोठी चूक होते: लोक त्यांना मेलेलं समजून उपटून टाकतात! बाकी बाग एप्रिलमध्ये हिरवी होते आणि ही दोघं मे महिना आला तरी काडीसारखी उभी. मॉस्च्युटॉस तर कधी कधी मेच्या शेवटी डोकं वर काढतं. सिरियाकसची फांदी नखाने हलकी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. मॉस्च्युटॉसला मात्र जूनपर्यंत हात लावू नका. फोनवर १५ जूनचा रिमाइंडर लावा आणि तोपर्यंत फावडं लपवून ठेवा.

कुंडीत ठेवली असतील तर हिवाळ्यात कुंडी लाकडाच्या फळीवर किंवा थर्माकोलवर ठेवा, भोवती गोणपाट किंवा बबल रॅप गुंडाळा आणि भिंतीला टेकवा. झाडाला नाही, कुंडीला गुंडाळा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भारतातून घरच्या जास्वंदीची फांदी बॅगेत आणू का?
नका आणू. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या जवळपास सर्व झाडांना आणि फांद्यांना सरकारी आरोग्य प्रमाणपत्र लागतं, प्रवाशाच्या बॅगेतल्यांनाही. कीड आणि रोग येऊ नयेत म्हणून हा नियम आहे.

गणपतीला लाल फूल हवंय, पण घरात हिवाळ्यात झाड ठेवायला जागा नाही. काय घेऊ?
लाल मॉस्च्युटॉस. हिवाळा बाहेर काढेल. फक्त फूल मूर्तीपेक्षा मोठं निघेल याची तयारी ठेवा. सिरियाकसमध्ये खरा लाल रंग मिळत नाही.

दुकानातून आणली तेव्हा झाड कसं आटोपशीर होतं, आता फांद्या लांबच लांब का?
विक्रीच्या कुंड्यांना बऱ्याचदा वाढ रोखणारं द्रव्य दिलेलं असतं. त्याचा परिणाम ओसरला की झाड आपल्या मूळ स्वभावावर येतं. मार्चमधली छाटणी हाच उपाय.

थंडी लागली. आता?
लगेच कापू नका. गार पण शून्याच्या वर असलेल्या जागी आणा, पाणी बेताचं द्या, दोन आठवडे थांबा. मग वरून खाली खरवडत या. हिरवं लागेल तिथे थांबा आणि त्याच्या जरा वर कापा. कुठेच हिरवं नसेल तरी कुंडी लगेच फेकू नका. कधी कधी मातीजवळून फूट येते. माझ्याकडे नाही आली.

काडी कशी लावायची?
१० ते १५ सेंटिमीटरची, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी, वरची दोन पानं ठेवून. ओलसर, भुसभुशीत मातीत खोचा, वरून प्लॅस्टिकची पिशवी, जागा २२ ते २५ अंशांची. चार ते आठ आठवड्यांत मुळं फुटतात. रोज उपटून बघायचं नाही!

शेवटी, काकूंचं काय झालं?

दोन आठवड्यांनी मी हिंमत करून व्हिडिओ कॉल लावला आणि कुंडी दाखवली. काकू काही वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला विचारायचंस ना रे. फोनला काय विचारत बसलास?” मी गप्प. मग त्याच म्हणाल्या, “असू दे. ऑग्सबुर्गला एकीकडे याच झाडाची काडी दिलीय मी, चार वर्षांपूर्वी. नंबर पाठवते.”

मला डेव्हलपर असून बॅकअप सुचला नव्हता. काकूंनी तो चार वर्षं आधीच घेऊन ठेवला होता.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी ट्रेनने ऑग्सबुर्गला गेलो आणि ओल्या टिश्यूत गुंडाळून तीन काड्या आणल्या. एक कुजली, दोन जगल्या. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला होता, तेव्हा झाडाला जेमतेम आठ पानं होती. मूर्तीला दुकानातली फुलं वाहिली. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला आला. आदल्या संध्याकाळी एक कळी टपोरी झाली होती. सकाळी उमललं. फोटो आधी सांगलीला गेला, मग ते मूर्तीला वाहिलं.

दुसरं झाड आता ऑफिसमधल्या एका मित्राकडे आहे. मुद्दाम दिलंय. बॅकअप एकाच घरात ठेवायचा नसतो.

तुमच्या घरात, किंवा परदेशातल्या एखाद्या मित्राच्या बाल्कनीत ‘हिबिस्कस’ असेल तर आजच त्याचं पान बघा आणि नावातला दुसरा शब्द शोधा. लेख उपयोगी वाटला तर त्या मित्राला पाठवा. शक्यतो सप्टेंबरच्या आधी.